माथेरानचा हंगाम

काश्मिरांत गुलमर्ग येथें फाल्गुन-चैत्राच्या सुमारास सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: बर्फ आणखी किती दिवस टिकणार? रात्रीं तो गोठून दगडासारखा होतो, दुपारच्या उन्हानें त्याचा चिखल होतो, आणि या दोहोंमधल्या थोड्या तासांत, पायांस लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाणाऱ्या हौशी मंडळींना आपला खेळ उरकून घ्यावा लागतो. १९२७ मध्यें ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं तेथें या खेळाची संस्था काढली. तेव्हांपासून बर्फाच्या बातमीवर तेथील हंगामाचें भवितव्य ठरत आलें आहे.

सह्याद्रीला बर्फ ठाऊक नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या कडक हिवाळ्यांत दंव गोठतें, तेवढ्याचें केवढें कौतुक होतें! मुंबईकरांनीं एकोणिसाव्या शतकांत पहिल्यानें जो बर्फ चाखला तो अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांतून कापून, लांकडाच्या भुशांत गुंडाळून, बोस्टनहून जहाजानें आणलेला होता. तरीहि कर्जत तालुक्यांतील माथेरानच्या डोंगरावर वसंत लागला कीं गुलमर्गाचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. तेथें जें बर्फाच्या वितळण्यानें होतें, तें येथें पहिल्या पावसानें होतें. हंगाम संपतो.

या हंगामाचा उगम १८५० सालच्या मे महिन्यांत आहे. त्या वेळीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडे. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत गेला, आणि १९८१ मध्यें त्या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे फिरतीवर असतां त्यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याशीं, आज खालापूर तालुक्यांत असलेल्या चौक या गांवीं पडला होता. वैशाखांतील कोंकणचा उकाडा आणि समोर गर्द झाडीनें भरलेला उंच माथा. ओढ्याच्या कोरड्या पात्रांतून वाट काढीत ते वर चढले, रामबागेच्या बाजूनें खालीं उतरले, आणि वरची हवा त्यांस इतकी मानवली कीं त्याच वर्षीं ते पुन्हा येऊन राहिले व पुढें त्यांनीं तेथें घर बांधलें. इंग्रजी पुस्तकांत यास माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. हा शब्द थोडा जपूनच घ्यावयास हवा. ज्या ओढ्यांतून साहेब चढले ती वाट ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या नित्याच्या पायांखालची होती. पिसारनाथ हें त्यांचें दैवत वर नांदत होतें. मॅलेट यांनीं शोध लावला तो डोंगराचा नव्हे, तर मुंबईच्या उन्हाळ्यांतून तीन-चार महिने सुटका करून घेण्याच्या एका जागेचा.

ही सुटका नेमकी कशांत आहे हें पाहण्यासारखें आहे. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार फूट उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या निम्माच. उंचीबरोबर हवा थंड होते, पण एवढ्या उंचीनें मिळणारा फरक चार-पांच अंश सेल्सियसांचाच. खरा लाभ वाऱ्याचा आहे. चैत्र-वैशाखांत नेरळ आणि कर्जत येथील सखल प्रदेश डोंगरांनीं वेढलेल्या कढईसारखा तापतो. वारा तेथवर पोंचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. माथेरान मात्र सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेकडे पुढें आलेलें. समुद्रावरून दुपारीं निघालेला वारा त्याच्या कड्यांवर सरळ येऊन आदळतो. त्यांत जांभा दगडाच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजन यांची झाडी इतकी दाट कीं भर दुपारीं तांबड्या रस्त्यावर सावलीच सावली. उष्णतामापक यंत्रांतील आंकडा फारसा उतरलेला दिसत नसला तरी अंगाला तो उतरलेला वाटतो.

हें सर्व मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर सकाळीं दऱ्यांतून धुकें वर सरकूं लागतें, कपडे दमट लागतात, आणि एखाद्या संध्याकाळीं वळवाची सर विजांच्या गडगडाटासह येऊन जाते. येथील जुनी माणसें त्या सरीवरून पुढचा अंदाज बांधतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मुंबईस मोसमी पाऊस लागला कीं माथेरानचें दार बंद झालें असें समजावें. पुढल्या चार महिन्यांत या माथ्यावर दोनशें इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. ज्या वाऱ्यानें वैशाखांत सुख दिलें तोच वारा हें पाणी घेऊन येतो, आणि ज्या पुढें आलेल्या कड्यांमुळें माथेरान थंड, त्याच कड्यांमुळें तें एवढें ओलें. वरदान आणि शाप यांचें मूळ इतकें एकत्र क्वचितच आढळतें.

१८५३ मध्यें मुंबईस गव्हर्नर म्हणून आलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांस हें ठिकाण आवडलें. त्यांच्या कारकीर्दींत नेरळहून वर येणारा रस्ता झाला, बंगल्यांच्या जागा आंखल्या गेल्या. १८५६ मध्यें लोहमार्ग कल्याणाहून नेरळ, कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोंचला, आणि मुंबईचा गृहस्थ सकाळीं निघून दिवस मावळण्याच्या आंत माथ्यावर पोंचूं लागला. साहेबांमागून पारशी आले, बोहरी व्यापारी आले, मग गुजराती व मराठी कुटुंबें आलीं. नेरळपासून पुढला प्रवास तट्टावर, डोलींतून किंवा पायीं. दिवाळीच्या आसपास एक हंगाम आणि उन्हाळ्याचा दुसरा, हें वेळापत्रक तेव्हांच पक्कें झालें.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत आगगाडी नेण्याची कल्पना सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्यांतली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं ती मनावर घेतली. १९०४ मध्यें काम सुरू झालें आणि १९०७ च्या मार्च महिन्यांत, म्हणजे नेमका उन्हाळी हंगाम तोंडावर असतांना, गाडी धांवूं लागली. खर्च सुमारें सोळा लक्ष रुपये. दोन फूट रुंदीचा मार्ग, साडेबारा मैलांची लांबी, वीस फुटांमागें एक फूट असा चढ, आणि वळणें इतकीं तीव्र कीं साधें इंजिन तेथें अडकून पडावें. म्हणून जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यांतून चार खास इंजिनें आणविलीं. त्यांचीं टोंकाचीं चाकें वळणाबरोबर बाजूस सरकत. आंखणीसाठीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अरुंद मार्गांच्या नामांकित तज्ज्ञाचा सल्ला घेण्यांत आला होता. वाटेंतील एकुलता एक बोगदा इतका लहान कीं त्यास ‘वन किस टनेल’ असें खट्याळ नांव पडलें, तें अजून टिकून आहे.

या गाडीचा करार मात्र पहिल्यापासून पावसाशींच होता. जूनच्या मध्यास ती थांबावयाची आणि ऑक्टोबरांत दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा निघावयाची. हा नियम भित्रेपणाचा नव्हे. रुळांखालची जमीन उतारावर कापून काढलेली, वर जांभ्याचा सच्छिद्र थर, खालीं काळा पाषाण. जांभ्यांतून झिरपलेलें पाणी पाषाणावर येऊन थबकतें आणि मधली माती सैल करतें. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, त्याच पावसानें या मार्गाचे लचके तोडले. मार्ग पुन्हा खुला होण्यास २००७ साल उजाडलें, म्हणजे शताब्दीच्याच वर्षीं. २०१९ च्या पावसाळ्यांत पुन्हा तोच प्रसंग. या खेपेस नेरळहून माथ्यापर्यंतची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. त्या वर्षांत अमन लॉज ते माथेरान एवढ्या वरच्या टप्प्यावर गाडी फिरली, पण नेरळच्या फलाटावर उतरलेल्या मुलांची निराशा त्यानें भरून निघाली नाहीं.

हंगामाचीं दुःखें गाडीच्या बंद पडण्याएवढींच नसतात. डोंगरावर मोटारीस बंदी. दस्तुरी नाक्यापुढें पायीं, घोड्यावर किंवा माणसानें ओढलेल्या रिक्षांतून जावयाचें. घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे यांची वर्षाची मिळकत या थोड्या महिन्यांवर उभी असते. पाऊस आठ दिवस लवकर आला तर मुंबईच्या पाहुण्याची सहल हुकते, पण हमालाचा पोट भरण्याचा एक आठवडा जातो. २००३ मध्यें केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळें झाडी बरीचशी राखली गेली. माणसानें माणसास ओढण्याची रीत मात्र तशीच चालू राहिली. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती सहा महिन्यांत बंद करून त्या जागीं विजेवरच्या रिक्षा आणाव्या असा आदेश दिला. प्रवासवर्णनें लिहिणाऱ्या पिढ्यांनीं चढावर रिक्षा ओढणाऱ्याचा घाम पाहिला नसेल असें नव्हे. त्यांनीं तो हवेच्या वर्णनांत बुडवून टाकला.

पाण्याचीहि गंमत अशीच. ज्या माथ्यावर दोनशें इंच पाऊस पडतो, तेथें उन्हाळ्यांत शार्लट तलाव आटूं लागतो आणि खालून उल्हास नदीचें पाणी नेरळच्या बाजूनें टप्प्याटप्प्यानें वर चढवावें लागतें. तोच पाऊस शेजारच्या खोपोलींत मात्र सोन्याच्या मोलाचा ठरला. जमशेटजी टाटा यांच्या हयातींत सुचलेली योजना त्यांच्या मागें सिद्धीस गेली: लोणावळ्याकडील तलावांत अडविलेलें पावसाचें पाणी सुमारें पांचशें मीटर खालीं सोडून खोपोलीस वीज उत्पन्न करण्यांत आली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत ती मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. १९२२ मध्यें कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथेंहि तसेंच केंद्र सुरू झालें. माथेरानच्या बंगल्यांस कुलुपें लागत त्याच दिवसांत हे तलाव भरूं लागत.

जेथून मॅलेट निघाले त्या चौक गांवाकडे शेवटीं परत वळावें लागतें. चौकच्या उत्तरेस माथेरान आणि प्रबळगड यांच्या शेजारींच इर्शाळगडाचा सुळका उभा आहे. त्याच्या कुशींत इर्शाळवाडी नांवाची ठाकरांची वस्ती होती. तेथें गाडीरस्ता नव्हता, पायवाटेनें चढावयाचें. ज्यांच्या पूर्वजांच्या वाटांनीं साहेब माथेरानीं पोंचले त्याच समाजाचीं हीं घरें. २०२३ च्या जुलैंत तीन दिवस मुसळधार पाऊस झाला, आणि १९ जुलैच्या रात्रीं, वाडी झोंपलेली असतां, डोंगराचा भाग तिच्यावर आला. मदतीस निघालेल्यांस अंधारांत, पावसांत, चिखलाच्या चढणीवरून चालत जावें लागलें. माती उपसण्याचीं मोठीं यंत्रें तेथें नेतांच येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनीं आणि हातांनीं काम झालें. चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला तेव्हां सत्तावीस मृतदेह हातीं आले होते आणि सत्तावन्न माणसें बेपत्ता होतीं. दरडीचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें.

वांचलेल्या कुटुंबांना चौकजवळ सपाटीवर घरें बांधून देण्यांत आलीं. तेथून इर्शाळगडाचा सुळका स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या पलीकडे माथेरानची लांब, सपाट कड. ऑक्टोबर लागला, आकाश निवळलें, कीं त्या कडेआडून नेरळची गाडी पुन्हा वर चढूं लागते.