कांदा राज्याचा, वेस दिल्लीची

आमच्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव पडले की मोर्चा आधी बाजार समितीवर जातो, मग तहसीलवर, फारच झालं तर कलेक्टर ऑफिसवर. निवेदन घेणारे साहेब मान डोलावतात आणि "वर कळवतो" म्हणतात. हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, ते शोधायला मी राज्यघटनेची सातवी अनुसूची काढून बसलो. पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या पोटाचा आहे.

या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. राज्याच्या यादीत १४ व्या क्रमांकावर शेती आहे आणि २८ व्या क्रमांकावर बाजार व जत्रा. म्हणूनच आपल्या बाजार समित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्यावर चालतात. केंद्राच्या यादीत ४१ वर आयात-निर्यात आणि ८३ वर सीमाशुल्क, त्यात निर्यात शुल्कही आलं. म्हणजे कांद्याची शेती आणि त्याचा लिलाव राज्याच्या अखत्यारीत, पण तो देशाबाहेर जाणार की नाही, हे दिल्ली ठरवणार.

ही वाटणी १९५० ला एकदम आभाळातून पडलेली नाही. १९१९ च्या कायद्यानं इंग्रजांनी शेती खातं प्रांतातल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिलं. शेतसारा मात्र गव्हर्नरच्याच हाताखाली ठेवला. १९३५ च्या कायद्यात तीन याद्या आल्या, त्यातही शेती प्रांतांकडेच राहिली. आपल्या घटनेनं तोच साचा बऱ्याच अंशी पुढे चालवला.

मधे दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये प्रांतांनी आपापलं धान्य अडवून धरलं, शेजारच्या प्रांताला जाऊ देईनात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्या दुष्काळामागं कारणं अनेक होती, पण ही अडवाअडवी त्यातलं एक. त्यामुळे धान्यावर केंद्राचा ताबा हवा, हा विचार काही उगाच आलेला नाही. १९४६ ला जीवनावश्यक पुरवठ्याचा कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. घटनेच्या कलम ३६९ नंही संसदेला अन्नधान्य, कापूस वगैरेंवर कायदा करायचा अधिकार फक्त पाच वर्षांसाठी दिला.

ती मुदत जानेवारी १९५५ मध्ये संपली. पुढच्याच महिन्यात तिसरी घटनादुरुस्ती लागू झाली. समवर्ती यादीतली ३३ वी नोंद रुंद करून तिच्यात अन्नपदार्थ, चारा, कापूस, ताग सगळं बसवलं. १ एप्रिल १९५५ पासून जीवनावश्यक वस्तू कायदा आला. समवर्ती विषयात दोघांचे कायदे भिडले तर सहसा केंद्राचा वरचढ ठरतो. पाच वर्षांचं तात्पुरतं होतं, ते असं कायमचं झालं.

आता अलीकडचं बघा. जून २०२० मध्ये अध्यादेश आला: कांदा-बटाट्यावर साठ्याची मर्यादा फक्त असाधारण परिस्थितीतच. लोकांना वाटलं, कांदा मोकळा झाला. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी लागली आणि ऑक्टोबरमध्ये साठ्याची मर्यादाही परत आली. पुढं तीन कृषी कायद्यांवरून केवढं रान पेटलं! नोव्हेंबर २०२१ मध्ये ते रद्दही झाले. पण निर्यात रोखायचा अधिकार १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातला. तो या भांडणाआधी होता, नंतरही जसाच्या तसा राहिला.

म्हणून २०२३ घडलं. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी आली. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन् महिने टिकत नाही, मिळेल त्या भावात विकावाच लागतो. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर ही अट आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. यातल्या एकाही आदेशाला महाराष्ट्र सरकारच्या सहीची गरज नव्हती.

केंद्राचं म्हणणंही समजून घेऊ. शहरातल्या गरिबालाही कांदा परवडला पाहिजे, आणि मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईकही आपलंच आहे. प्रत्येक राज्यानं आपापली वेस बांधली तर १९४२ परत येईल. तेव्हा वेस केंद्राकडेच असावी, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न वेस लावताना तिथं कोण बसलेलं असतं, हा आहे.

जीएसटी परिषदेत राज्यांच्या मतांना दोन तृतीयांश वजन आहे, केंद्राला एक तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. कुणालाच एकट्यानं रेटता येत नाही. केंद्र-राज्यांच्या गोष्टींसाठी १९९० ला आंतरराज्य परिषद स्थापन झाली, जुलै २०१६ पर्यंत तिच्या बैठका झाल्या अकरा. कराच्या टक्क्यासाठी राज्यांना मत आहे. पिकाची निर्यात रोखताना, ज्या राज्यात ते पिकतं त्याला साधी खुर्चीही नाही.

तेव्हा मतं मागायला येतील त्यांना वेगवेगळं विचारा. आमदारकीच्या उमेदवाराला लिलाव, वजनकाटा आणि वेळेवर पेमेंटबद्दल विचारा. खासदारकीच्या उमेदवाराला विचारा, निर्यातबंदीआधी राज्यांचं मत घ्यायची पद्धत आणणार का? त्यानं "ते राज्याचं काम आहे" म्हटलं, तर ४१ वी नोंद दाखवा.