माध्यमिक शाळेतील अभियांत्रिकी : एक मागोवा

यंत्रविद्या शिकण्यासाठी शाळेत जावे लागते, ही कल्पना आपल्या सुतार-लोहार समाजात फार जुनी नाही. बैलगाडीचे चाक, नांगर, वाड्याच्या तुळया ही सारी कामे मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत असे. वाकस आणि रंधा, ऐरण आणि भाता हीच त्याची पाटी-पेन्सिल. पुढे सरकारने ही विद्या शाळेच्या वेळापत्रकात आणली, तेव्हा ज्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती त्या घरांपर्यंत तिचा लाभ पुरतेपणी का पोचू नये, याचा विचार ज्ञातिबांधवांनी केला पाहिजे.

पुण्यास १८५४ साली निघालेली अभियांत्रिकी शाळा मुख्यतः सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता होती. तिचेच पुढे महाविद्यालय झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. दोन्ही संस्था मोठ्या योग्यतेच्या. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या, घरी हत्यार धरू लागलेल्या मुलासाठी त्या नव्हत्या. त्याच्यासाठी होती ती साधी इंग्रजी शाळा आणि तिच्या टोकाशी मॅट्रिकची परीक्षा.

ही उणीव कोणाच्या ध्यानी आलीच नाही, असे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शाळांना लहानसे उद्योगदालन जोडण्याची सूचना केली होती. शाळा सोडताना मुलाला स्वतंत्रपणे पोट भरता यावे, हा त्यांचा हेतू. आयोगानेही माध्यमिक शिक्षणाचे दोन रस्ते सुचविले : एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यवहाराकडे. हा दुसरा रस्ता मात्र ओसच राहिला. १९०१-०२ मध्ये सबंध हिंदुस्थानात मॅट्रिकला सुमारे २३ हजार विद्यार्थी बसले असता, या पर्यायी अभ्यासक्रमांच्या परीक्षांना बसणारे जेमतेम दोन हजारांच्या घरात होते. यात आश्चर्य काय? नोकरी मॅट्रिकच्या दाखल्यावर मिळे, आणि पालक दाखल्याकडे पाहून रस्ता निवडीत.

येथे बडोद्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले व त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे सोपविली. गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि जन्माने सुरतेच्या सुतार ज्ञातीचे! तंत्रशिक्षण देशी भाषेतून दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाला अडविणारी पहिली भिंत इंग्रजीची आहे, हे घरच्या अनुभवानेच त्यांना उमगले असावे, असे मला वाटते.

दुसरी भिंत रेखाटनाची. कारागीर आणि अभियंता यांत अंतर आहे ते हत्याराचे नव्हे, कागदाचे. आपला जुना सुतार खाच-कुसवाचा सांधा डोळ्याने मापी, गुण्या लावून पाही आणि तो सांधा पन्नास वर्षे हलत नसे. पण तोच सांधा वरून, समोरून आणि बाजूने कसा दिसेल हे कागदावर प्रमाणात काढून दाखव म्हटले, की तो थबके. जे काम कागदावर उतरत नाही ते शंभर कोसांवरच्या दुसऱ्या माणसाकडून करवून घेता येत नाही, आणि कारखाना तर याच करवून घेण्यावर चालतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर काही लोहाराच्या घरी जन्मले नव्हते. मुंबईच्या कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तोच विषय शिकवू लागले. पुढे त्यांचा लोखंडी नांगर शेतात उतरला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर घडविणारे हात आपल्या समाजात हजारो होते. त्याचा आराखडा मांडणारी विद्या मात्र आपल्या मुलांना कोणी दिली नव्हती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे परिस्थिती पालटली. १९४४ च्या सार्जंट योजनेने तांत्रिक माध्यमिक शाळांचा पुरस्कार केला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली व अभ्यासाच्या सात शाखांत तंत्रशाखेला स्थान दिले. आपल्याकडे शालान्त परीक्षेचे स्वतंत्र मंडळ १९४८ च्या कायद्याने झाले होतेच; विद्यापीठाची मॅट्रिकवरील पकड सुटल्यामुळे असे विषय परीक्षेत आणणे सुकर झाले. टेक्निकल हायस्कुले निघाली, आणि आसपासच्या शाळांतील मुले ठराविक दिवशी तंत्रकेंद्रात येऊ लागली. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून तो कानशीने सपाट करावयाचा, गुण्या लावून उजेडाकडे धरावयाचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासावयाचा. जोडीला कर्मशाळेचे तंत्र, यंत्र व वीज यांची मूलतत्त्वे आणि रेखाटन. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली तेव्हा घरी बाप सुतात बोले आणि शाळेत मुलगा मिलिमीटरमध्ये मोजी. एक इंच म्हणजे आठ सूत, हा हिशेब काही घरांत अजून सुटलेला नाही!

मात्र जुने दुखणे गेले नाही. ‘अभ्यासात कच्चा आहे, टेक्निकलला घाला,’ असे शिक्षकच सांगत. हुशार मुलगा हात काळे करीत नाही, ही समजूत पांढरपेशा घरांतून निघाली आणि खेदाची गोष्ट अशी, की ती आपल्याही घरांत शिरली. बापाने घण मारला म्हणून मुलाने कारकून व्हावे, असे आपल्यातील शहाण्यांनी अनेक मुलांना सांगितले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसायशिक्षणाचा मोठा वाटा कल्पिला होता. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची परीक्षा १९७५ साली प्रथम झाली. त्यानंतर अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आला. दोनशे गुणांचा विद्युत् किंवा यांत्रिक देखभालीसारखा विषय घ्यावयाचा आणि त्यासोबत विज्ञानही चालू ठेवावयाचे, अशी ही सोय उत्तम होती. मुलांनी तिचा उपयोग पुष्कळदा दुसऱ्या भाषेतून सुटका आणि गुणांची वाढ यांसाठी केला, हा भाग निराळा. तंत्रविषय घेऊन शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी तंत्रनिकेतनांत काही जागा राखण्याची पद्धतही पडली. आपल्यातील किती पालकांना ही गोष्ट वेळेवर कळली? विषयाची निवड आठवी-नववीतच होई, आणि तंत्रनिकेतनाची चौकशी आपण दहावीचा निकाल हाती आल्यावर करीत असू.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच मुलांना व्यवसायांची ओळख करून द्यावी, स्थानिक कारागिरांकडेही शिकावयास पाठवावे, असे सुचविले आहे. सुतारकाम आणि धातुकाम यांची नावे त्यात स्पष्ट आहेत.