सामंत, शर्मिला

(१९६७– ). मुंबईतील मिश्रमाध्यम चित्रकर्ती आणि मांडणशिल्पकार. टाकाऊ आणि रोजच्या वापरातील वस्तूंतून बाजारपेठेच्या राजकारणावर भाष्य करणाऱ्या कलाकृती ही त्यांची ओळख. १९९९च्या सुमारास त्यांनी तुषार जोग आदी सहकाऱ्यांसह ‘ओपन सर्कल’ हा कलावंतांचा गट मुंबईत उभा केला.

‘हातमागाची’ म्हणावी तर माग नाही, सूतही नाही, अशी त्यांची साडी (१९९९) विशेष गाजली. अ‍ॅमस्टरडॅममधील वास्तव्याच्या काळातील ही कलाकृती कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे धातूच्या कड्यांनी एकमेकांत अडकवून केलेली आहे. गावच्या पोरांनी पानपट्टीसमोर वेचावेत तसले हे बिल्ले. पण इथे त्यांचेच वस्त्र होते. लांबून ते लालभडक, भरजरी दिसते; जवळ गेल्यावर त्यावरचे कंपनीचे नाव वाचता येते. साडी खरी, पण नेसवणार नाही अशी जड, आणि विनोदाची धार तिथेच आहे. कोका-कोला १९७७मध्ये भारतातून गेली आणि १९९३मध्ये परतली, हा संदर्भ ठाऊक असला की ती अधिक बोचते.

घानाचे शिल्पकार एल अनात्सुई (१९४४– ) हेही बाटल्यांच्या झाकणांचे विशाल पट घडवतात. मात्र ते पत्रा चेपून, मुडपून तांब्याच्या तारेने ओवतात. जुनेरे जोडून वाकळ शिवणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला यातली जोडणी नवी वाटणार नाही. नवा आहे तो माल.