कोंकणी रंगभूमीवरील पहिली स्त्री : रेजिना फर्नांडिस

दिवाळी सरली, धान घरात आले की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटके रंगतात. झाडीपट्टीच्या या नाटकांत आज स्त्रिया अभिनय करतात, गातात; प्रेक्षकांनाही त्यात काही नवल वाटत नाही. परंतु ही गोष्ट फार जुनी नाही. दंडार आणि खडी गंमत या आपल्याकडील जुन्या प्रकारांत स्त्रीचे सोंग पुरुषच घेत असे. उर्वरित महाराष्ट्रातही स्थिती निराळी नव्हती. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस मराठी नाटकाचा पाया घातला. त्यानंतर कित्येक दशके सीता, द्रौपदी आणि शकुंतला पुरुषांनीच उभ्या केल्या. अशा काळात एका ख्रिस्ती गृहिणीने मुंबईच्या रंगमंचावर पाऊल ठेवले. तिचे नाव रेजिना फर्नांडिस. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान मराठी वाचकांना फारसे परिचित नाही, म्हणून हा लेख.

रेजिनाबाईंचे कार्य समजण्यासाठी तियात्राचा जन्म ध्यानात घ्यावयास हवा. एकोणिसाव्या शतकात पोटापाण्यासाठी हजारो गोवेकर मुंबईस आले. कोणी आगबोटीवर खलाशी झाले, कोणी आचारी, कोणी वाजंत्री. धोबीतलाव, कावेल या भागांत त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ स्थापन केले. कूड म्हणजे परगावी राहणाऱ्या गावकऱ्यांचे सामाईक बिऱ्हाड. तेथे वेदी असे, गावाच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा असे आणि सायंकाळी सर्वजण मिळून रोझरीची प्रार्थना करीत. घरापासून दूर असलेल्या या माणसांना आपल्या बोलीतील करमणुकीची ओढ होती.

त्यांच्यातीलच लुकाझिन रिबेरो या तरुणाने मुंबईस आलेल्या इटालियन संगीत नाटकमंडळीचे प्रयोग जवळून पाहिले आणि तसे काही कोंकणीत करावे, असे त्याच्या मनाने घेतले. कायतानिन फर्नांडिस आणि जुआंव आगुस्तिन फर्नांडिस हे त्याचे सहकारी. 17 एप्रिल 1892 रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, ‘इटालियन भुर्गो’ हा पहिला तियात्र मुंबईत सादर झाला. ‘तियात्र’ हा शब्द पोर्तुगीज ‘तियात्रो’वरून आला. कथेचे प्रवेश आणि प्रवेशांच्या मधे गायिली जाणारी ‘कांतारां’ अशी त्याची घडण आहे. त्यामुळे तियात्राचा नट बहुधा गायकही असावा लागतो.

ज्या लोकांच्या पूर्वजांना 1736 साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नातील देशी गाणी गाण्याचीही बंदी झाली होती, ते लोक आता आपल्याच भाषेत, आपल्याच सुखदुःखांविषयी जाहीरपणे गात होते. ही गोष्ट लहान नव्हती.

जुआंव आगुस्तिन यांचा जन्म 1871 साली मडगावच्या बोर्डा भागात झाला. ‘बॅल द कावेल’ हे त्यांचे नाटक 1895 मधले. लिखित संहितेची शिस्त त्यांनी तियात्रास लावली, म्हणूनच ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, या पदवीने लोक त्यांना गौरवितात. तथापि एक उणीव त्यांच्याही नाटकांत होती: स्त्री-पात्रे पुरुषच करीत. प्रतिष्ठित घरातील कोणीही आपली लेक वा बहीण रंगमंचावर पाठविण्यास धजत नसे. नाटकात काम करणारी बाई म्हणजे चारित्र्याविषयी शंका, असा त्या काळचा सरसकट ग्रह होता.

अशा वेळी जुआंव आगुस्तिन यांच्या नाटकात स्त्री-भूमिकेसाठी उभ्या राहिल्या त्या त्यांच्या स्वतःच्या धर्मपत्नी. 22 नोव्हेंबर 1904 रोजी मुंबईच्या गेटी थिएटरात ‘भाटकार’ या तियात्रात रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या आणि कोंकणी रंगभूमीस पहिली अभिनेत्री लाभली. 22 नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सणदिन होय. हा योगायोग असला तरी श्रद्धावंत वाचकास तो सुखद वाटल्यावाचून राहणार नाही.

या घटनेचे मोल कळण्यासाठी इतर तारखा शेजारी ठेवून पाहाव्या. बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले ते 1905 साली, म्हणजे रेजिनाबाईंच्या पदार्पणानंतर. आणि पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्राने स्त्रीसौंदर्याचा आदर्श त्यांच्याच रूपात पाहिला. दादासाहेब फाळके यांच्या 1913 मधील ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी भूमिका केल्या, तेव्हा 1933 साल उजाडले होते. मराठीत केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या त्याआधीही होत्या, हे खरे. परंतु प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्रीने पुरुष नटांबरोबर उघडपणे काम करणे ही बाब वेगळी होती.

येथे पतीचे धैर्य मोठे की पत्नीचे, असा प्रश्न कोणी विचारील. जुआंव आगुस्तिन यांनी लोकनिंदेची जोखीम दुसऱ्याच्या लेकीवर न टाकता स्वतःच्या घरावर घेतली, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. परंतु प्रेक्षकांच्या शेकडो नजरांना सामोरे जावयाचे होते ते रेजिनाबाईंनाच. नाटक कोसळले असते तर लेखक दुसरे लिहू शकला असता. स्त्रीची गेलेली अब्रू मात्र त्या समाजाने परत दिली नसती. विवाह-संस्कारात पतिपत्नी एकमेकांचा भार वाहण्याचे वचन देतात. त्या वचनाचा अर्थ चूल आणि पाळणा यांपुरताच नाही, हे या दांपत्याने दाखवून दिले.

जुआंव आगुस्तिन 1947 साली निवर्तले. मडगावच्या रवींद्र भवनातील सभागृहास आज ‘पाय तियात्रिस्त’ हे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. त्या तियात्राच्या मंचावर मोहना काब्राल, ओफेलिया यांच्यासारख्या अभिनेत्री-गायिकांच्या पिढ्या पुढे नांदल्या. त्या सर्वजणी ज्या वाटेने आल्या, ती रेजिनाबाईंनी पाडलेली होती.

आपल्या पॅरिशमध्ये नाताळच्या नाटुकलीत मरियेची भूमिका आज एखादी मुलगी करते. तिचे आईबाप समोर कौतुकाने बसलेले असतात. ते कौतुक आपल्याला सहज लाभलेले नाही. कोणा एकीने ते आधी पणाला लावले होते, एवढे आपण आपल्या लेकींना जरूर सांगावे.