राजवाड्यातील जांभळी खोली

नव्या घराच्या भिंतीस गडद जांभळा रंग द्यावा, असे कोणी सुचविले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. चुन्याची पांढरी, निळीची, कावेची भिंत आपल्या परिचयाची. जांभळी परकी वाटते. परंतु ज्या खोलीचा जांभळा रंग इतिहासात गाजला, ती खोली बाळंतिणीची होती, हे वाचकांस कदाचित नवल वाटेल.

कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात, समुद्राकाठी, दगडी बैल व सिंह असलेल्या बंदराजवळ एक चौकोनी दालन होते. त्याचे छत निमुळते होत टोकास मिळे. त्यास ‘पोर्फिरा’ म्हणत. पिता सिंहासनावर असता तेथे जन्मलेल्या अपत्यास ‘जांभळ्यात जन्मलेला’ अशी पदवी मिळे व त्याच्या दाव्याला वजन येई. आमच्याकडची बाळंतिणीची खोली म्हणजे शेक-शेगडीच्या धुराने काळवंडलेली, माजघराआडची अंधारी जागा. तिचा डौल तो काय!

सम्राट आलेक्सियॉस कोम्नेनॉस याची कन्या ॲना हिने या दालनाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिचा स्वतःचा जन्म १ डिसेंबर १०८३ रोजी तेथेच झाला. दगड सर्वत्र जांभळा, त्यावर वाळूसारखे पांढरे ठिपके, असे ती सांगते. हा दगड इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटातला. रोमन सम्राटांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तो खणून काढला. म्हणजे भिंतीस रंग दिलेला नव्हता, तो दगडाच्या अंगचाच होता.

पाळण्यात असतानाच ॲनाची सोयरीक युवराज कॉन्स्टंटाइन डुकास याच्याशी ठरली होती. १०८७ साली भाऊ योहान जन्मला आणि सम्राज्ञीपदाची आशा मावळली. १११८ मध्ये पित्यामागे गादी त्यालाच मिळाली. तिने भावाविरुद्ध कट केला, असे जुने इतिहासकार म्हणतात. अलीकडील काही संशोधकांना ते मान्य नाही. आम्हांस एवढेच दिसते की, ती थोरली होती, त्याच जांभळ्या दालनात जन्मली होती, तरी मुलगी होती. उत्तरवयात मठाच्या आश्रयाने तिने पित्याचे चरित्र लिहिले आणि आरंभीच आपण जांभळ्यात जन्मल्याचे अभिमानाने नमूद केले.

राजवस्त्रांचा जांभळा रंग समुद्रातील गोगलगायींपासून निघे. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम रंग मिळविला. गंमत अशी की, त्याची घडण आपल्या निळीचीच निघाली. केवळ ब्रोमीनचे दोन अणू अधिक. त्याआधी १८५६ मध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करू जाता डांबरजन्य द्रव्यापासून जांभळा रंग गवसला, आणि सम्राटांची मिरास सामान्यांच्या लुगड्यांवर उतरली.

भिंतीची गोष्ट मात्र निराळी. कापडाचा हा रंग उन्हापुढे टिकत नाही. चुन्याशी जमते ते लोहाचे. गोव्याच्या जुन्या देवळांवर जी कावीची नक्षी आहे, तिचा तांबडा रंग लोहाचाच. तसली लोहाची तांबडी पूड प्रखर आचेवर भाजली की जांभळटपणाकडे झुकते. गडद जांभळ्या भिंतीची हौस असणाऱ्यांनी ही पूड चुन्यात कालवून प्रथम एखाद्या कोपऱ्यात लावून पाहावी; चुना वाळल्यावर रंग बराच फिका पडतो.