बेर्डे, लक्ष्मीकांत

(२६ ऑक्टोबर १९५४ – १६ डिसेंबर २००४). मराठी रंगभूमी व चित्रपटांतील विनोदी अभिनेते. हिंदी चित्रपटांतही साहाय्यक भूमिकांमुळे परिचित. प्रेक्षक त्यांना ‘लक्ष्या’ म्हणत. बहुतेक चित्रपटांत त्यांच्या पात्राचे नावही तेच असे, त्यामुळे नट आणि पात्र यांच्यातली रेघ पुसट झाली. १९८५ नंतरच्या दशकात मराठी चित्रपटाला शहरी व ग्रामीण, दोन्ही प्रेक्षक मिळवून देणाऱ्या नटांत अशोक सराफ, महेश कोठारे व सचिन पिळगावकर यांच्या जोडीने त्यांचे नाव घेतले जाते.

घडण व रंगभूमी : जन्म मुंबईत. गिरगावच्या गणेशोत्सवातील नाटकांतून व पुढे महाविद्यालयीन स्पर्धांतून त्यांना रंगमंचाची सवय झाली. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करताना ते लहानमोठ्या भूमिका करीत. नाव झाले ते पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ (१९८३) या नाटकामुळे. सहलीला निघालेल्या मंडळींच्या या नाटकात एकही भूमिका एकट्याच्या बळावर उभी राहत नाही. सगळ्या संचाने एकमेकांचा वेग सांभाळावा लागतो. प्रशांत दामले, विजय कदम हे नटही याच नाटकातून पुढे आले. दुसऱ्याच्या वाक्याला जागा देऊन मग आपला टोला मारण्याची जी सवय बेर्डे यांच्या चित्रपटांत दिसते, तिचे मूळ या समूहनाट्यात आहे. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ व ‘बिघडले स्वर्गाचे द्वार’ ही त्यांची गाजलेली इतर नाटके. चित्रपटात अतिशय व्यग्र असतानाही त्यांनी नाटक सोडले नाही.

चित्रपटात प्रवेश : एन. एस. वैद्य दिग्दर्शित ‘लेक चालली सासरला’ (१९८४) हा कौटुंबिक चित्रपट त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी होय. त्यानंतर आलेला ‘धुमधडाका’ (१९८५) हा महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. त्यात अशोक सराफ, निवेदिता जोशी, प्रेमा किरण व शरद तळवलकर यांच्याही भूमिका होत्या.

‘धुमधडाका’ची वंशावळ लक्षात घेण्याजोगी आहे. श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटावरून हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६) आला आणि त्यावरून हा मराठी चित्रपट बेतला. धनवान बापाचा सिनेमावेडा मुलगा ही भूमिका तमिळमध्ये नागेश यांनी व हिंदीत मेहमूद यांनी केली होती. मेहमूद यांना तिच्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मराठीत ती बेर्डे यांच्याकडे आली. समोर बाप म्हणून तळवलकर होते. त्यामुळे बापाला सिनेमाची गोष्ट सांगताना घाबरवून सोडण्याच्या प्रसंगात मराठी विनोदी अभिनयाच्या दोन पिढ्या एका चौकटीत दिसतात. तळवलकर चेहरा जवळजवळ न हलवता भीती वाढवत नेतात. बेर्डे हात, मान, आवाज, श्वास सगळे पणाला लावतात. एकाचा संयम आणि दुसऱ्याची उधळण यांचा तोल जमल्यामुळे तीन भाषांतून फिरून आलेला प्रसंग अस्सल मराठी वाटतो.

पार्श्वभूमी : मराठी विनोदी नटांची परंपरा दामुअण्णा मालवणकर (‘ब्रह्मचारी’, १९३८), राजा गोसावी (‘लाखाची गोष्ट’, १९५२) व तळवलकर यांच्याकडून दादा कोंडके यांच्यापर्यंत येते. कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) पासूनच्या यशानंतर ग्रामीण ढंगाचा, द्व्यर्थी बोलीचा विनोद हाच धंद्याचा मुख्य आधार झाला होता. ऐंशीच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी व व्हिडिओ घरात आल्यावर चित्रपटगृहाकडे येणारा वर्ग बदलला. कोठारे व पिळगावकर यांनी मध्यमवर्गीय तरुण, भाड्याची खोली, नोकरी, प्रेमप्रकरण आणि पाठलाग यांवर चित्रपट उभे केले. बेर्डे यांचा लक्ष्या या जगात राहणारा, पण त्याच्या कडेला उभा असलेला मुलगा होय. तो शिकलेला असला तरी हुशार नाही आणि धीट तर अजिबात नाही. मित्रांच्या भानगडीत तो ओढला जातो आणि मार मात्र सर्वांत आधी खातो.

प्रमुख मराठी चित्रपट : ‘दे दणादण’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), ‘थरथराट’, ‘भुताचा भाऊ’, ‘हमाल दे धमाल’, ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’, ‘फेका फेकी’ (सर्व १९८९), ‘धडाकेबाज’, ‘एकापेक्षा एक’, ‘चंगू मंगू’ (सर्व १९९०), ‘एक होता विदूषक’ (१९९२), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘माझा छकुला’ (१९९४), ‘पछाडलेला’ (२००४). ‘हमाल दे धमाल’चे दिग्दर्शन पुरुषोत्तम बेर्डे यांचे असून त्यात अनिल कपूर पाहुणे कलाकार होते. ‘धडाकेबाज’मध्ये बेर्डे यांनी बाटलीत राहणाऱ्या गंगारामचीही भूमिका केली.

अशी ही बनवाबनवी : निर्माते किरण शांताराम, लेखक वसंत सबनीस, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून प्रेरित. पुण्यात खोली मिळावी म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात. सुधीरची सुधा होते (पिळगावकर) आणि परशुरामची पार्वती (बेर्डे). स्त्रीवेशधारी नट मराठी रंगभूमीला नवा नाही. संगीत नाटकातील पुरुषांच्या स्त्रीभूमिकांत सौंदर्य व लालित्य यांना मान होता. पिळगावकर यांची सुधा त्या लालित्याच्या वाटेने जाते. बेर्डे यांची पार्वती उलट बाजूची आहे. पदर सावरण्याची घाई, चालीत मधूनच डोकावणारा पुरुष आणि तो डोकावला हे कळल्यावरची तारांबळ यांवर तिचा विनोद उभा आहे. खोट्या गरोदरपणाचे डोहाळजेवण या प्रसंगात जमलेल्या बायकांचे कोडकौतुक खरे असते आणि ज्याचे कौतुक चालले आहे तो ओशाळलेला असतो. बायकांची टिंगल न करता सोंग घेणाऱ्याचीच फजिती दाखवल्यामुळे हा प्रसंग आजही घरातल्या सर्वांसमवेत पाहता येतो.

झपाटलेला : कोठारे दिग्दर्शित या चित्रपटाची मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटातली. मरताना मृत्युंजय मंत्राच्या बळावर तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला लक्ष्या बोलके या शब्दभ्रमकाराच्या हाती येतो. तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला व चालवला. पाध्ये यांच्या घराण्यात बोलक्या बाहुल्यांची कला दोन पिढ्यांची असल्याने मराठी प्रेक्षकाला बाहुल्याचे बोलणे परिचित होते. ओळखीची, करमणुकीची ही गोष्ट भीतीकडे वळवणे हे चित्रपटाचे कसब होय.

बेर्डे यांच्या अभिनयाच्या अभ्यासाला हा चित्रपट फार उपयोगी आहे. बाहुल्याचा चेहरा ठरावीकच हलतो आणि त्याच्या नजरेला खोली नसते. तो जिवंत वाटायचा तर समोरच्या माणसाने तसे पाहायला हवे. बेर्डे बाहुल्याकडे पाहताना आधी नजर एका बिंदूवर स्थिर करतात, मग क्षणभर काहीच करीत नाहीत आणि नंतर तोंड उघडूनही शब्द अडकलेल्या माणसासारखे होतात. ती मधली रिकामी जागा प्रेक्षक स्वतःच्या भीतीने भरतो. पुढे आरडाओरडा झाला की हसू फुटते. दुसरे असे, की लक्ष्याचे म्हणणे कोणालाच पटत नाही. बाहुला बोलतो हे सांगणारा शब्दभ्रमकार कोणाला खरा वाटणार? या एकाकीपणाची दया बेर्डे यांनी विनोदाच्या आत जपली आहे. भय आणि हास्य एकाच चेहऱ्यावर आळीपाळीने न आणता एकदम आणणे मराठी चित्रपटात तोवर क्वचितच कोणी इतके सहज केले होते. या चित्रपटाचा दुसरा भाग २०१३ मध्ये आला. तोवर बेर्डे हयात नव्हते.

एक होता विदूषक : दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गीते ना. धों. महानोर, संगीत आनंद मोडक, निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) नंतर मोठ्या खंडाने देशपांडे चित्रपटलेखनाकडे वळले ते या कथेसाठी. तमाशातील नर्तकीच्या (मधू कांबीकर) पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या होतो, चित्रपटात जातो, कीर्ती मिळवतो, राजकारणाच्या ओढ्यात सापडतो आणि या प्रवासात आपली माणसे गमावतो. अखेर हसू विसरलेल्या स्वतःच्या मुलीसमोर त्याला उभे राहावे लागते. लाखोंना हसवणाऱ्याची परीक्षा एका मुलीपुढे होते. निळू फुले, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर व वर्षा उसगावकर यांच्याही भूमिका चित्रपटात आहेत.

तमाशातला सोंगाड्या गवळणीत आणि बतावणीत बोलतो. प्रेक्षकाला पाहून तिथल्या तिथे वाक्य रचतो. बेर्डे यांची घडण गिरगावच्या रंगमंचाची होती, फडाची नव्हती. तरीही आबुरावच्या पहिल्या भागात त्यांनी सोंगाड्याची हजरजबाबी लय अचूक पकडली. खरी कमाई उत्तरार्धात आहे. आबुराव मोठा होत जातो तसतसा बेर्डे आपल्या नेहमीच्या हालचाली एकेक करून काढून घेतात. हात शांत होतात, आवाज खाली उतरतो. लोकांसमोर विनोद चालूच असतो, मात्र त्याचे डोळे त्यात भाग घेत नाहीत. ज्या शरीराच्या चपळाईवर प्रेक्षकाने सात-आठ वर्षे प्रेम केले होते, तिलाच थकलेले दाखवणे हा या भूमिकेतला सर्वांत धाडसी निर्णय होय. प्रस्तुत नोंदीत या चित्रपटाला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च स्थान दिले आहे.

चाळिसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘एक होता विदूषक’ हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला; त्यातील लावणीच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांचा गौरव झाला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार ‘तहादेर कथा’ या बंगाली चित्रपटासाठी मिथुन चक्रवर्ती यांना मिळाला. ‘एक होता विदूषक’ला अपेक्षित व्यावसायिक यश लाभले नाही. लक्ष्याला हसायला आलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट जड गेला असे एक मत आहे. वितरण अपुरे पडले असे दुसरे. यापुढे बेर्डे यांच्या वाट्याला अशी भूमिका पुन्हा आली नाही.

हिंदी चित्रपट : सूरज बडजात्या यांच्या ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मधील मनोहर व ‘हम आपके हैं कौन..!’ (१९९४) मधील लल्लू या भूमिकांनी त्यांना देशभर ओळख दिली. ‘साजन’, ‘१०० डेज’ (दोन्ही १९९१) व ‘बेटा’ (१९९२) हे त्यांचे इतर यशस्वी हिंदी चित्रपट. बहुतेक ठिकाणी ते नायकाचा मित्र वा घरातला नोकर होते. मराठीत ज्याच्यावर चित्रपट चाले, त्याला हिंदीत नायकाच्या मागे उभे राहावे लागे. तरी लल्लूच्या भूमिकेत एक वेगळी गोष्ट आढळते. घरावर संकट आल्यावर तो कृष्णाच्या मूर्तीपुढे गाऱ्हाणे घालतो तेव्हा विनोद बाजूला पडतो आणि नोकराचे त्या घराशी असलेले नाते समोर येते. कथेला कलाटणी मिळण्याचा मार्ग त्या प्रार्थनेतूनच निघतो.

दूरचित्रवाणी : ‘गजरा’ व ‘नस्ती आफत’ या मराठी कार्यक्रमांत सहभाग.

पुरस्कार : हिंदी भूमिकांसाठी विनोदी अभिनेत्याच्या विभागात फिल्मफेअरची नामांकने.

अभिनयशैली : बेर्डे यांच्या विनोदाचे मुख्य साधन भीती हे होय. कोंडके यांचा नायक भोळेपणाच्या आडून समोरच्याला गुंडाळतो. अशोक सराफ यांचा नायक शब्दाने आणि आविर्भावाने बाजू उलटवतो. लक्ष्या मात्र घाबरतो आणि ते लपवू शकत नाही. अंगकाठी किरकोळ, डोळे मोठे, आवाज चढला की चिरकणारा. या सगळ्याचा त्यांनी वापर केला. सराफ यांच्याबरोबरच्या दृश्यांत दोघांची कामे वाटून घेतलेली दिसतात : सराफ डाव रचतात, बेर्डे तो बिघडवतात आणि बिघडवताना स्वतः अडकतात. या जोडीत श्रेष्ठ कोण, यावर रसिकांत एकमत नाही. एकाच साच्याच्या भूमिका त्यांनी फार केल्या हा आक्षेप नेहमी घेतला जातो. वर्षाला अनेक चित्रपट करणाऱ्या नटाबाबत तो काही प्रमाणात खरा आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील चित्रपटांत पुनरावृत्ती जाणवते. साच्याच्या आतही वेळ साधण्याचे त्यांचे कौशल्य शेवटपर्यंत ढळले नाही.

वैयक्तिक : पहिल्या पत्नी अभिनेत्री रूही बेर्डे (निधन १९९८). दुसऱ्या पत्नी अभिनेत्री प्रिया अरुण. त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ व ‘हम आपके हैं कौन..!’मध्येही भूमिका केल्या होत्या. मुलगा अभिनय यांनी ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या चित्रपटातून पदार्पण केले.

अखेर : मूत्रपिंडाच्या विकाराने १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत निधन, वय पन्नास. त्याच वर्षी ‘पछाडलेला’ प्रदर्शित झाला होता. कोठारे यांच्या या भयविनोदी चित्रपटात भरत जाधव व श्रेयस तळपदे ही पुढची पिढी मुख्य भूमिकांत होती. एकोणीस वर्षांपूर्वी ‘धुमधडाका’त शरद तळवलकर यांच्यासमोर उभा राहिलेला तरुण आता ज्येष्ठ नटाच्या जागी आला होता, आणि भुताला भिण्याचे काम नव्यांकडे गेले होते.