सव्वीस दिवसांचा वनवास

वनवास ही आपल्याकडे शिक्षा मानली जाते. पण अर्जुनाला दिव्यास्त्रे मिळाली ती वनवासातच. रानातले कष्ट माणूस घडवतात, या समजुतीची परीक्षा अमेरिकेत गुन्हेगार ठरलेल्या मुलांवर झाली. तिचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

त्याचे मूळ महायुद्धात आहे. १९४१ साली कुर्ट हान आणि जहाजकंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांनी हाय खाऊ नये, हा तिचा एक हेतू. १९६२मध्ये ही पद्धत कोलोरॅडोच्या डोंगरांत पोचली. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रान्सिस केली आणि डॅनियल बेअर यांनी १२० बालगुन्हेगार निवडले. ६० जणांना सव्वीस दिवसांच्या शिबिरांना पाठवले, उरलेल्या ६० जणांना नेहमीच्या व्यवस्थेत ठेवले. शिबिरात कडे चढणे, दोरावरून उतरणे, लांबची पायपीट आणि काही काळ रानात एकट्याने राहणे असे. सोबत जाणते प्रशिक्षक होते. १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिबिराला गेलेल्यांपैकी साधारण पाचातला एकच पुन्हा सुधारगृहात आला. दुसऱ्या गटात हे प्रमाण बरेच अधिक होते.

मात्र पाच वर्षांनी पाहिले तेव्हा हे अंतर घटले होते. यात नवल नाही. मुलगा डोंगरावरून उतरला तो त्याच गल्लीत, त्याच घरात. तिथे कोणी प्रशिक्षक नव्हता.

धडा उघड होता: रानानंतरच्या दिवसांची सोय करा. बाजाराने मात्र उलटा अर्थ काढला. पुढे युटासारख्या राज्यांत खासगी शिबिरे निघाली. हताश पालक मोठी फी भरून मुलांना तिथे पाठवू लागले. त्यांतल्या अनेकांवर कसलाही खटला नव्हता. उपासमार आणि दमछाक यांनाच उपचार म्हटले जाऊ लागले. १९९०मध्ये युटातल्या दोन शिबिरांत दोन मुली दगावल्या. १९९४मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा. मुले आजारी असल्याचे सांगत, तेव्हा ती सोंग करतात असे समजले जाई. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा खासगी कार्यक्रमांतील दहा मृत्यूंची छाननी करून अहवाल मांडला. अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरे अन्न आणि दुर्लक्ष यांची नोंद त्यात आहे.

रान दोन्हीकडे तेच होते. फरक होता तो मुलाचे म्हणणे खरे मानणारे कोणी सोबत होते की नाही, याचा.